दारातून न जाणारा पिंजरा

डेगूंना पिंजरा केवढा हवा, असं आता मला कुणी विचारलं तर मी उलट विचारते, तुमच्या खोलीचं दार केवढं आहे ते आधी सांगा. लोकांना वाटतं, बाई चक्रम झाली. वाटू दे. या वयात लोकांना काय वाटतं ते सांभाळत बसायला माझ्यात ताकद नाही.

डेगू म्हणजे काय, हे बहुतेकांना सांगावंच लागतं. उंदीर आणि खार यांच्या मधलं काहीतरी. मुठीत मावेल न मावेल एवढं अंग, मोठे काळे डोळे, शेपटीच्या टोकाला झुपका. मूळचे ते दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतले. तिथून ते पुण्याच्या दुकानात कसे पोचले ते देवाला माहीत. पुण्याहून गोव्यातल्या आमच्या सर्वण गावाला कसे पोचले ते मात्र मी सांगू शकते. माझी मुलगी पुण्यात नोकरीला होती, तिनं या दोन बहिणी पाळल्या होत्या. मग तिला जर्मनीत नोकरी लागली. जायच्या आधी ती डिचोलीच्या स्टँडवर उतरली ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पिंजरा घेऊन.

"थोडेच दिवस, आई," ती म्हणाली.

थोडे दिवस म्हणून या घरात जे जे आलं ते इथंच राहिलं. मीसुद्धा त्यातलीच.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तशी माझी गत. कारण घरात नवरा अंथरुणाला लागलेला होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण इथं 'नवरा' असंच लिहिणार. तो वाचणार नाही, आणि वाचलं तरी रागवायला त्याला उठावं लागेल.

जन्मभर तो मुळगावच्या बाजूला खाणीवर मोजणीच्या कामाला होता. खड्डा किती खोल गेला, ढीग किती उंच झाला, हे मोजायचं. खाण बंद पडली आणि तो घरी आला. रक्तातली साखर आधीपासून होती, ती घरी बसून वाढली. पायाच्या बोटाला बारीकशी जखम झाली, ती त्यानं लपवली, आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली. जखम भरली. डॉक्टर म्हणाले, आता चाला, रोज चाला, पाय वापरला नाहीत तर हाही पाय हातचा जाईल. नवरा त्यांच्यासमोर मान हलवून आला आणि पलंगावर पडला तो पडलाच.

मी सांगितलं, मुलीनं सांगितलं, व्यायाम शिकवायला बाई येत होती तिनं सांगितलं. सगळ्यांना त्याचं एकच उत्तर, "फाल्यां." उद्या. तो उद्या काही उजाडला नाही. त्याला पुसायचं, उठवून बसवायचं, भांडं द्यायचं, भांडं न्यायचं, हे माझ्याकडे. माणूस अंगानं मोठा, मी ही एवढीशी. शाळेत पोरांना शिकवून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता सकाळचा चहा बसून पिऊ. कसलं काय. कंबर गेली, झोप गेली, बोलणं गेलं. मी दमले होते. हे मी कुणापाशी बोलले नाही, कारण बोललं की लोक "जिवाक जप गो" म्हणतात आणि आपापल्या घरी जातात.

तर असा तो पिंजरा आला. दुकानातून आणलेला, प्रवासापुरता घेतलेला, जेमतेम पावाच्या टोपलीएवढा. खाली तारेची जाळी, आत एक प्लास्टिकचं घर. मी तो नवऱ्याच्या पलंगाशेजारी मेजावर ठेवला. म्हटलं, तुम्हाला सोबत. खरं म्हणजे माझ्या नजरेआड.

मुलीनं त्यांना नावं ठेवली होती, पण ती आम्हाला उच्चारता येईनात. नवरा एकीला थोरली म्हणायला लागला आणि एकीला धाकटी. दिवसभर त्या तारा कुरतडायच्या. प्लास्टिकचं घर तर आठवड्याच्या आत फस्त केलं. धाकटी तेवढ्याशा जागेत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धावायची, वळायची, परत धावायची. बघूनच मला चक्कर यायची. नवरा मात्र कुशीवर वळून बघत पडायचा. महिन्यांनंतर तो भिंत सोडून दुसरीकडे कुठंतरी बघत होता, तेवढंच मला बरं वाटलं.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर तो कोपरावर उठून बसायच्या खटपटीत होता.

"थोरलेच्या पायाक काय झाला ता बघ गो."

मी चष्मा लावून बघितलं. मागच्या पायाचा तळवा लाल झाला होता, टोकाला फुटलाही होता. सारखं तारेवर उभं राहून राहून झालेलं. मी म्हटलं, लावू काहीतरी.

"लावून काय उपयोग? खाली तार आसा तोपर्यंत बरा होवचा नाय," तो म्हणाला. "एवढीशी जखम असता, मागे काय होता ता माका विचार." मग म्हणाला, "हो पिंजरो चलाचो नाय. मोठो होयो."

कित्येक महिन्यांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. भांड्याखेरीज.

मुलीला फोन लावला. उंटावरून शेळ्या हाकायला ती तयारच होती. पिंजरा उंच हवा, आई, त्या चढतात. आत मजले हवेत. खाली तार नको, फळी हवी. गजांमध्ये बोट जाईल एवढंही अंतर नको. प्लास्टिक नको, रंग लावलेलं लाकूड नको. दोघींना मोकळं धावता आलं पाहिजे. आणि गोड काही द्यायचं नाही, फळसुद्धा नाही. डेगूंना साखर पचतच नाही, त्यांना लगेच मधुमेह होतो.

फोन स्पीकरवर होता. नवरा हसला. "म्हणजे आमच्याच गोत्रातली," तो म्हणाला. मी सुद्धा हसले असेन.

मग माझी पायपीट सुरू झाली. म्हापशाला गेले. एका दुकानात पोपटाचे पिंजरे, वर घुमट, आत झोपाळा. उंच आहेत पण धावायला जागा नाही. दुसऱ्या दुकानात कुत्र्याचा पिंजरा, त्याच्या गजांतून डेगूच काय, माझा हात गेला असता. तिसरा सगळा प्लास्टिकच्या नळ्यांचा, तो धाकटीनं नाश्त्याला संपवला असता. डिचोलीच्या बाजारात एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "उंदरांचो पिंजरो? बाय, सापळो होयो काय तुमका?" मी तशीच पुढं निघाले. उन्हात उभं राहून बोलायला श्वास लागतो.

घरी येऊन सांगितलं, तसा नवरा म्हणाला, माझी टेप काढ. खाणीवरची त्याची पोलादी टेप कपाटात होती. त्यानं उशीला टेकून बसून जुन्या कॅलेंडरच्या मागं पिंजऱ्याचं चित्र काढलं. किती उंच, किती रुंद, फळ्या कुठं, दार कुठं, शिडी कुठं. सगळी मापं लिहिली. रेघा सरळ, आकडे देखणे, जसे पूर्वी काढायचा तसेच.

"ह्या कोपऱ्यात बसतलो," त्यानं जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, बोट दाखवून सांगितलं. "हयसून माका सगळा दिसतला."

मी तो कागद घेऊन मुळगावच्या रस्त्यावर ग्रिलवाल्याकडे गेले. बेळगावकडचा माणूस, आमच्या खिडक्यांच्या ग्रिली त्यानंच केलेल्या. तो पाइप कापत होता, तेवढा वेळ मी स्टुलावर बसून राहिले आणि कागदाकडे बघत राहिले. पिंजरा डेगूंना पुरेसा होता. पण तो जनेलापाशी बसणार होता, आणि नवऱ्याला पडल्या पडल्या सगळं दिसणार होतं. म्हणजे आता त्याला उठायचं काही कारणच उरणार नव्हतं. आधी निदान कंटाळा तरी होता. आता कंटाळाही जाईल, आणि हा सुखानं तिथंच पडेल. पाय जाईल. माझी कंबर तर गेलेलीच.

ग्रिलवाला कागद हातात घेऊन म्हणाला, "झकास काढलंय की साहेबांनी. करतो."

"त्याच्याहून मोठा करा," मी म्हटलं. "चारही बाजूंनी. उंच माझ्याएवढा, रुंद त्या तुमच्या लोखंडी कपाटाएवढा."

"एवढा? मग आतल्या खोलीच्या दारातनं जाणार नाही बघा. तुमचं जुनं दार आहे, अरुंद. ग्रिली आत नेताना मलाच आडव्या कराव्या लागल्या होत्या."

"जाऊ नये म्हणूनच."

त्यानं खिशातली पेन्सिल काढली.

"आणि यांनी विचारलं तर सांगायचं, पाइप तेवढ्याच लांबीचे होते, कापताना माप चुकलं."

"नाव माझं खराब होतंय की वो, बाई."

"होऊ दे," मी म्हटलं. "माझं काय काय खराब झालंय ते मी सांगत बसले का?"

पिंजरा टेंपोतून आला. ग्रिलवाला आणि त्याचा माणूस यांनी तो पुढच्या दारातून सालीत आणला. साल म्हणजे आमच्याकडे पुढची मोठी खोली. तिथून आतल्या खोलीच्या दारापाशी नेला, उभा धरला, आडवा धरला, आणि चौकटीला दोनदा ठोकला. ते ठोकणं माझ्यासाठीच होतं. ग्रिलवाल्याला खोटं बोलायची सवय नसावी, तो जमिनीकडे बघून आत ओरडला, "साहेब, माप जरा चुकलं की." मी आत जाऊन तोंड वाईट करून सांगितलं, आता तो सालीतच राहणार, काय करायचं.

बाजारातून कोथिंबिरीची जुडी बारकी आणली तरी जाब विचारणारा माणूस, तो नुसतं "बरा" म्हणाला आणि डोळे मिटले. मला वाटलं, दमला असेल.

दोघी बहिणी नव्या पिंजऱ्यात गेल्या. पहिल्यांदा बिचकल्या, मग अशा काही धावल्या की खालून वर, वरून खाली, फळीवरून फळीवर. माझ्या हळर्णच्या भावानं डोंगरावरचं वाळलेलं गवत पोतंभर आणून दिलं होतं, त्याचं त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर घरटं केलं. मी सालीत उभी राहून मोठ्यानं सांगत होते, थोरली चढली, धाकटी पडली, परत चढली. आतून काही आवाज नाही. एक दिवस तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोदेराकडून पाव घेत होते. मागं वळले तर आतल्या दारात, इतके महिने नुसता पडून असलेला वॉकर दिसला, आणि वॉकरच्या मागं नवरा. घामानं निथळत होता, आणि तोंडानं खाणीवरच्या शिव्या चालल्या होत्या. मी पुढं झाले नाही. पावाची पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. तो भिंत धरत, वॉकर ढकलत पिंजऱ्यापर्यंत आला आणि तिथल्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, धपकन बसला. मी त्याला चहा दिला. तो म्हणाला, "मधली फळी वाकडी बसवल्यान त्यानं."

मग ते रोजचंच झालं. सकाळी उठायचं, सालीत यायचं, त्यांना पाणी द्यायचं, गवत घालायचं, फळ्या पुसायच्या. ते काम त्यानं मला करू दिलं नाही. न्हाणीघर वाटेवरच होतं, म्हणून भांडंही सुटलं. थोरलीचा तळवा सुकला, गुलाबी झाला. ती खालच्या फळीवर येऊन त्याच्या बोटाला नाक लावायची, आणि हा माणूस, ज्यानं पोरीला लहानपणी कडेवर घेताना सुद्धा शर्टाची इस्त्री बघितली, तो तिच्याशी बारीक आवाजात बोलायचा. मी स्वयंपाकघरात बसून चहा प्यायला लागले. गरम. पूर्ण कप.

मी असं म्हणत नाही की थकवा गेला. थकवा असा जात नाही, तो हाडांत बसलेला असतो. पण निदान वाढायचा थांबला होता.

मग चवथ आली. आमच्याकडे गणपती मूळ घरात बसतो आणि सगळे भाऊ तिथं जमतात. म्हणजे आमच्याकडेच. वास्कोहून थोरले दीर आणि जाऊ आली. जाऊ माझ्याहून मोठी, देवभोळी, मनानं लोण्यासारखी, हातानं मात्र कामाला जड. ती आली ती दारातच थबकली. गणपतीचं आसन सालीतच, वर माटोळीचा सांगाडा टांगलेला, त्याला फळं, कांगणं, सुपाऱ्यांचे घोस बांधायचे होते. आणि आसनाच्या बाजूला माणसाएवढा पिंजरा.

"देवासमोर हे उंदीर कित्याक गो? भायर काढ."

"बाहेर मांजरं आहेत," मी म्हटलं. "आणि आत जात नाही तो. दार अरुंद आहे."

जाऊ तोंड पाडून बसली. शेवटी दीर म्हणाले, अगो, उंदीर म्हणजे देवाचंच वाहन, आपल्याकडे जिवंत आलंय, आणखी काय पाहिजे. झालं. एका वाक्यात सगळं फिरलं. ज्या उंदरांना बाहेर काढायचं होतं, त्यांच्या पिंजऱ्याला जावेनं स्वतः हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. ती माळ धाकटीनं दुपारपर्यंत खाल्ली.

गावात बातमी पसरली. आरतीला येणारा जो तो आधी देवाला हात जोडायचा आणि मग पिंजऱ्यासमोर. आणि हातातला प्रसाद गजांतून आत. पंचखाद्य, खोबरं, गूळ, नेवरी म्हणजे करंजी, सगळं बारीक मोडून. नवरा पहिल्या दिवसापासून कदेल टाकून राखणीला बसला. "गोड दिवं नकात. हेंका शुगर आसा," असं तो प्रत्येकाला सांगायचा. लोक हसायचे. कुणीतरी म्हणालं, मग तुम्ही घ्या. तर तो म्हणाला, "हेंच्या समोर बसून मी कसो खाव?" आणि खरंच त्यानं पाच दिवसांत नेवरीला हात लावला नाही. हाच माणूस पूर्वी डब्यातून साखर चोरून खायचा. मी चुलीपुढं घामानं भिजत हे ऐकलं आणि मला क्षणभर वाटलं, चला, एवढं सगळं केलं ते वाया नाही गेलं.

पण आरती सुरू झाली, घुमटं, आमच्याकडची मातीची वाद्यं, वाजायला लागली, की तोही वॉकर धरून उभा राहायचा, देवाकडे तोंड करून. डोळे मिटून. पिंजरा त्याच्या पाठीशी असायचा. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे तेव्हा जाऊ पिंजऱ्याला अगदी टेकून उभी असायची, तोंड गजांना लावलेलं. मला वाटलं, लळा लागला.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरली खाली आली नाही. नवऱ्यानं हाका मारल्या. मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं गवत बाजूला केलं. ती कुशीवर पडली होती, पोट टम्म फुगलेलं. तिच्या बाजूला गवताखाली नेवऱ्यांचे तुकडे होते, खडीसाखर होती, लाडवाचा चुरा होता. या जातीला साठवून ठेवायची खोड असते. पाच दिवस ती जपून जपून खात होती.

डिचोलीच्या गुरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर चांगला माणूस. त्यानं तिला ओंजळीत घेऊन तपासलं, मुलीशी फोनवर बोलला, जे करता येईल ते केलं, आणि सरळ सांगितलं की फारसं होण्यासारखं नाही. आम्ही घरी पोचलो आणि दुपारी ती गेली. नवऱ्याच्या ओंजळीतच गेली.

जाऊ अजून आमच्याकडेच होती. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. "माका वाटला, देवाचा वाहन," ती म्हणाली. "त्याच्या कानात सांगितला की देव ऐकता. म्हणून मी रोज आरतीक तिच्या कानात भावजींच्या पायाचा सांगी. आणि मागणा सांगायचा तर रिकाम्या हातानं कसा सांगायचा?"

रागवायचं तरी कुणावर? नवरा तिला म्हणाला, "वयनी, रडू नकात." मग वॉकर धरून आत गेला, पलंगावर पडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

थोरलीला मी मागच्या शेवग्याखाली पुरलं. एकटीनंच. दीर-जाऊ वास्कोला गेले. माटोळीचा सांगाडा उतरला. सालीत तो एवढा मोठा पिंजरा आणि त्यात सगळ्यात खालच्या फळीवर धाकटी, पाठ फुगवून बसलेली. धावणं नाही, चढणं नाही. आतल्या खोलीत हा. मधे मी, भांडं हातात घेऊन. पहिल्यापासून सगळं परत. नाही, परत नाही. पहिल्या खेपेला मला ठाऊक नव्हतं की तो उठू शकतो. आता ठाऊक होतं, म्हणून जास्त जड जात होतं.

मुलगी म्हणाली, एकटी डेगू झुरते, मी पुण्याच्या मैत्रिणीकडे दुसरी बघते, पण वेळ लागेल. तोवर तिच्याजवळ कुणीतरी बसा.

मी हे आत सांगितलं. नवरा कुशीवर वळला. मग म्हणाला, "तो जुनो बारको पिंजरो माळ्यावर आसा मगो? तो काढ. खाली फळी घाल. एकट्या जिवाक एवढो मोठो कित्याक? हयसर ठेव, माझ्याजवळ. तिका सोबत, माका सोबत."

मी माळ्यावरून तो काढला. न्हाणीत बसून घासला, पुसला, मापाची फळी शोधून तळाला बसवली. मन म्हणत होतं, कर की. एका खोलीत दोघं पडतील, एकाच खोलीचा केर काढायचा. सालीत जायचं नको, यायचं नको. मुलगी लांब, जग लांब, कोण विचारणार आहे? धाकटीलाही बरंच वाटेल. आणि तो मागत होता ते मायेनंच मागत होता, त्यात खोट नव्हती. मी पिंजरा घेऊन सालीत आले. दार उघडून हात आत घातला, तर धाकटी आपणहून माझ्या तळव्यावर चढून बसली. वजन काहीच नव्हतं तिचं. मी तिला धरून तशीच उभी राहिले. मग तिला परत फळीवर ठेवलं, दार लावलं, आणि रिकाम्या हातानं आत गेले.

"बारका पिंजरा मी देणार नाही," मी म्हटलं. "आणि ऐका. मोठा पिंजरा ग्रिलवाल्यानं चुकवला नव्हता. मी सांगून मोठा करून घेतला होता. या दारातून आत येऊ नये म्हणून. तुम्ही उठावं म्हणून."

तो छताकडे बघत होता. "माका ठावक होता," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"जन्मभर मापा घेतली मी. माझ्या खोलीच्या दाराचा माप माका ठावक नाय? आणि तो ग्रिलवालो, आमच्या एवढ्या ग्रिली केल्यान, एक सूत कधी चुकलो नाय. चौकटीक ठोकल्यान तेव्हाच समाजला."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याच्या आदल्या दिवशी भांडा उचलून तू चौकटीक टेकान उबी रवलंस. बघितलां मी. म्हटलां, बायल दमली. एवढी खटपट केल्यान तर चलूया." त्यानं पांघरूण वर ओढलं. "आता मी दमलंय गो."

मी पलंगाच्या कडेवर बसले.

"मीही दमलेय," मी म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणापुढं तरी बोलले.

सालीतून खडखड आवाज यायला लागला. पाण्याची बाटली रिकामी झाली की धाकटी तिची नळी दातांनी हलवते, तो आवाज.

"पाणी घातलंस तिका?" त्यानं विचारलं.

"नाही."

एरवी मी लगेच उठले असते. उठले नाही. परत खडखड झाली. "अगो, पाणी," तो म्हणाला. मी म्हटलं, "माझी कंबर गेलीय. मी उठणार नाही." ते रागानं नव्हतं, खरंच होतं. उठायला अंगात काही उरलंच नव्हतं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. खडखड चालूच होती. त्यानं पांघरूण बाजूला केलं, पाय खाली सोडले, आधी धड पाय, मग तो दोन बोटं नसलेला. वॉकर जनेलापाशी होता, माझ्या हाताच्या अंतरावर. मी तो पुढं केला नाही. तो पलंगाची कड धरून उठला, भिंतीला हात लावत वॉकरपर्यंत गेला, आणि तो घेऊन दाराकडे वळला. चौकटीपाशी दम खायला थांबला. मग बाहेर गेला.

बऱ्याच वेळानं बाटलीत पाणी भरल्याचा आवाज आला, आणि मग तो बारीक आवाजात तिच्याशी बोलायला लागला. मी पलंगावर आडवी झाले, त्याच्या जागेवर. ती जागा अजून गरम होती.